टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड: तार तीच, मग वेग आला कुठून?

तांबट

फायबरच्या धाग्यावर दोघा-तिघांनी लिहिलंय की तांब्याच्या तारेची कुवतच कमी, म्हणून डायल-अप (फोन लावून चालणारं जुनं इंटरनेट) एवढं रखडायचं. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा. माझी नोकरी टेलिफोनच्या बाहेरच्या कामात गेली: एमडीएफ (एक्स्चेंजमधली सगळ्या तारा जोडायची मोठी चौकट), पिलर (रस्त्यावरचं जोडण्यांचं कपाट), डीपी (घरांजवळची जोडण्यांची छोटी पेटी), केबलचे जोड. त्या तारेची बाजू कोणीतरी मांडायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आधी तार कुठून कुठे जाते ते पाहू. घरातल्या रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीतून, दोन तारांची जोडी निघते. ती ड्रॉप वायरने खांबावरच्या किंवा इमारतीच्या भिंतीवरच्या डीपीत जाते, तिथून जमिनीखालच्या केबलने रस्त्याकडेच्या पिलरमध्ये, आणि पिलरमधून शेकडो जोड्यांच्या जाड केबलने एक्स्चेंजच्या एमडीएफवर. साध्या लाइनच्या या सगळ्या वाटेत वीज लागणारं एकही यंत्र नाही. नुसतं तांबं, बहुतेक ठिकाणी ०.४ किंवा ०.५ मिलिमीटर जाडीचं. केबलमध्ये जोडीतल्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि टोकाला वजाबाकीत निघून जातो. पिळाची ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची, पेटंट १८८१ चं.

अडथळा होता तो तारेच्या टोकाला. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक जोडी एका लाइन कार्डावर संपते. हे कार्ड फोनला ४८ व्होल्ट पुरवतं, घंटी वाजवतं आणि फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झमधला आवाज आत घेतं, कारण बोललेलं कळायला तेवढं पुरतं. मग तो आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो, प्रत्येक माप ८ बिटांत, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. डायल-अप मोडेमला आपला सगळा डेटा आवाज करून याच कार्डातून ढकलावा लागायचा. ही मोजणी कधीच अगदी काटेकोर नसते, तिच्यातून थोडा गोंगाट येतोच. त्यामुळे ३३.६ किलोबिटवर येऊन काम अडलं. १९९८ मध्ये व्ही.९० आलं आणि ५६ पर्यंत मजल गेली. तेही फक्त डाउनलोडला, कारण इंटरनेट कंपनीच्या बाजूची जोडणी तोवर थेट डिजिटल झाली होती. ६४ च्या पुढे जाणं त्या वाटेने शक्यच नव्हतं.

म्हणजे मर्यादा कार्डाची होती. त्याच तारेवर एका टोकाला १ मेगाहर्ट्झची लहर सोडा, दुसऱ्या टोकाला ती पोचते. क्षीण होऊन पोचते, पण पोचते. तारेला हे कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

एडीएसएलने, म्हणजे फोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देण्याच्या पद्धतीने, ते विचारलं. जोडी लाइन कार्डाकडे जाण्याआधीच तिला फाटा फोडला: ४ किलोहर्ट्झपर्यंतचा भाग जुन्या कार्डाकडे, त्याच्या वरचा भाग डीस्लॅम नावाच्या यंत्राकडे. घरात हीच फोड स्प्लिटर करतो. वरच्या भागात २६ ते १३८ किलोहर्ट्झ अपलोडसाठी आणि १३८ ते ११०४ किलोहर्ट्झ डाउनलोडसाठी. फोनवर बोलणं आणि इंटरनेट एकाच वेळी चालतं ते यामुळे. दोघांची जागाच वेगळी.

पण मला खरं कौतुक आहे ते पुढच्या गोष्टीचं. हा १.१ मेगाहर्ट्झचा पट्टा सलग वापरलेला नाही. त्याचे २५६ बारीक टोन केले आहेत, प्रत्येक ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंद. प्रत्येक टोनवर सेकंदाला ४,००० वेळा डेटा भरला जातो, आणि ज्या हमालाला जेवढं झेपतं तेवढंच ओझं त्याच्या डोक्यावर द्यावं, तसं ज्या टोनवर गोंगाट कमी त्यावर जास्त बिट, ज्यावर जास्त त्यावर कमी, आणि जो अगदीच खराब त्यावर शून्य. मोडेम चालू केल्यावर डीएसएलचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो ना, तेव्हा हेच चाललेलं असतं. घरचा मोडेम आणि डीस्लॅम एकेक टोन वाजवून बघतात, आवाज किती उरला आणि गोंगाट किती आहे ते मोजतात आणि कोणावर किती बिट याचा तक्ता ठरवतात. तो तक्ता फक्त तुमच्या जोडीचा. शेजारच्या घरचा वेगळा.

आता एक हिशोब बघा. एखाद्या टोनवर ८ बिट बसले, तर ८ गुणिले ४,००० म्हणजे ३२,००० बिट. जवळपास एक पूर्ण डायल-अप मोडेम! टोनची रुंदीही आवाजाच्या पट्ट्याएवढीच आहे. म्हणजे त्याच दोन तारांवर एकावर एक शे-दोनशे मोडेम रचून चालवल्यासारखं हे काम आहे, आणि ते १९९९ मध्ये जी.डीएमटी या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झालं.

प्रश्न असतील तर विचारा. जमेल तशी उत्तरं देतो.

मृण्मयी_र

वाखुसा (वाचनखूण साठवली). फार आवडलं काका. आमच्याकडे २००६ मध्ये २५६ केबीपीएसचं कनेक्शन होतं. मोडेमच्या पानावर मात्र ८ मेगाबिटच्या आसपास आकडा दिसायचा, आणि डाउनलोड व्हायचं ३० च्या वेगाने. तेव्हापासून डोक्यात आहे की यातला खरा आकडा कोणता.

तांबट

मृण्मयीताई, तिन्ही खरे, फक्त तीन वेगळ्या जागचे.

मोडेमवरचा ८ मेगाबिट हा तारेचा वेग. तुमची जोडी डीस्लॅमपर्यंत किती वाहू शकते ते तो सांगतो. २५६ हा प्लॅनचा वेग, तो पुढे कंपनीच्या सर्व्हरवर आवळलेला. आणि ३० हा किलोबाइटमधला. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून २५६ चे ३२, त्यातून पाकिटांवरच्या पत्त्यांचा खर्च वजा. एडीएसएलमध्ये डेटा ५३ बाइटच्या तुकड्यांतून जातो आणि त्यातले ५ बाइट पत्त्याचे, म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त तिथेच गेले.

२५६ या आकड्यालाही कारण आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात केंद्र सरकारने किमान २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या केली. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने डेटावन सुरू केलं, त्याच सुमारास मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं ट्रायबँड आलं. व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. म्हणजे २००५ मध्ये बऱ्याच घरांत तारेची कुवत प्लॅनच्या कितीतरी पट होती. त्या वर्षांत अनेकांचा समज झाला की तार हळू आहे. तार मोकळी बसून होती.

रात्रपाळी

बीएसएनएलचा होम ५०० प्लॅन! रात्री २ ते सकाळी ८ अमर्याद. आख्ख्या हॉस्टेलचे गजर दोनचे लागायचे. 😀

तांबट, माझा एक अनुभव आहे, त्याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. पावसाळ्यात आमचा फोन पार मेला होता, डायल टोनच नाही, पण इंटरनेट चालू! हळू, पण चालू. तक्रार द्यायला गेलो तर खिडकीवर कोणी विश्वास ठेवेना.

तांबट

विश्वास ठेवा, हे होतं, आणि मी डोळ्यांनी पाहिलंय.

फोनला एक्स्चेंजकडून येणारी डीसी वीज लागते, तिला दोन्ही तारांचं पूर्ण वर्तुळ हवं. एक तार तुटली की वर्तुळ तुटलं, डायल टोन गेला. पण एडीएसएलच्या लहरी शेकडो किलोहर्ट्झच्या. तुटलेल्या तारेची दोन टोकं जवळ असली, किंवा ती तार जोडीदाराला समांतर चाललेली असली, की एवढ्या वरच्या लहरी फटीतूनही पलीकडे जातात. कपॅसिटरमधून एसी जाते, डीसी जात नाही, तोच नियम. सिग्नल फार अशक्त पोचतो, अर्धे टोन गळतात, पण मोडेम उरलेल्या टोनवर जमेल तेवढं बसवतो आणि लाइन धरून ठेवतो.

त्यामुळे ज्यांच्याकडे अजून तांबं आहे त्यांच्यासाठी: वेग अचानक पडला तर आधी फोन उचलून ऐका. डायल टोन नाही आणि नेट रांगतंय, म्हणजे एक तार गेली. खरखर आहे, म्हणजे जोडात पाणी किंवा कळंक.

दुसरी एक खूण: घंटी वाजली किंवा फोन उचलला की नेट तुटतं. हे फोन आणि नेट वेगळं करणारा फिल्टर नसल्याने किंवा उलटा जोडल्याने होतं. फिल्टर जागेवर असूनही होत असेल तर नव्वद टक्के कुठेतरी हाताने पिळून टेप गुंडाळलेला जोड सैल झालाय. घंटीचे ७५-९० व्होल्ट त्या जोडातून गेले की क्षणभर त्याचा रोध बदलतो, सगळ्या टोनांचा तक्ता चुकतो आणि मोडेम पहिल्यापासून मोजायला बसतो.

गणिती

उत्तम लेख. एक शंका. प्रत्येक टोनवर जास्तीत जास्त १५ बिट बसतात असं वाचलंय. डाउनलोडला साधारण २२४ टोन. २२४ × १५ × ४,००० = १३.४४ मेगाबिट. मग पहिल्या पिढीच्या एडीएसएलची कमाल ८ मेगाबिट का सांगतात?

तांबट

गणिती, बरोबर पकडलंत. चूक-दुरुस्तीसाठी डेटाला रीड-सोलोमन कोडची जोड देतात आणि त्याचा एक गठ्ठा २५५ बाइटच्या पुढे जात नाही. मूळ मानकात एका ठोक्याला (सेकंदाला असे ४,०००) एक गठ्ठा. २५५ × ८ × ४,००० = ८१.६ लाख बिट. ८ मेगाबिट तिथून आले. पुढे २००३ च्या एडीएसएल२+ मध्ये ही चौकट सैल केली आणि पट्टा २.२ मेगाहर्ट्झपर्यंत नेला, टोन ५१२ झाले, कमाल २४ मेगाबिट. पण वरचे २५६ टोन एक्स्चेंजजवळच्या घरांनाच कामाचे. तीन किलोमीटरवर ते जवळजवळ मेलेले असतात.

अंतराचं गणितही सांगून टाकतो. ०.४ मिलिमीटरच्या तारेत ३०० किलोहर्ट्झला किलोमीटरमागे साधारण १४ डेसिबल घट होते. तीन किलोमीटरला ४२ डेसिबल, म्हणजे निघालेल्या शक्तीचा सुमारे सोळा हजारावा भाग पोचतो. निघते ती शक्तीही केवढी, तर डीस्लॅमकडून एका जोडीवर साधारण १०० मिलिवॅट, तीही सगळ्या टोनांत वाटलेली. १ मेगाहर्ट्झला घट याच्या पावणेदोन-दोन पट. एवढ्या उरलेल्या थेंबातून मोडेम बिट वाचतो, यामागे इंजिनिअरांनी किती मेहनत घेतली असेल याचा विचार केला की आजही थक्क व्हायला होतं.

ओवी

मला एक कळलं नाही. अपलोडला एवढा छोटा तुकडा का? मी घरून व्हिडिओ पाठवायचे तेव्हा अक्षरशः रात्रभर लागायचं. 'ग्राहक फक्त बघणार, पाठवणार काही नाही' असं कंपन्यांनी गृहीत धरलं, म्हणूनच ना?

तांबट

ओवी, ते कारण आहेच. १९९०च्या सुरुवातीला एडीएसएल घडत होतं तेव्हा डोळ्यासमोर इंटरनेट नव्हतंच. टेलिफोन कंपन्यांना तारेवरून मागेल तो सिनेमा दाखवायचा होता, दीड मेगाबिटमध्ये. पण असमान वाटणीचं मूळ कारण भौतिकशास्त्रातलं आहे, आणि ते सुचलं बेलकोर या अमेरिकन टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेतल्या जोसेफ लेचलायडर यांना, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात.

एक्स्चेंजचा तळघरातला केबल चेंबर डोळ्यासमोर आणा. शेकडो, हजारो जोड्या एकमेकींना चिकटून आत येतात. डीस्लॅमकडून निघणारे सिग्नल तिथे ताजे, दणदणीत असतात. आणि त्याच ठिकाणी लोकांच्या घरून तीन-चार किलोमीटर चालून आलेले अपलोडचे सिग्नल अगदी क्षीण. दोन्ही दिशांना एकच फ्रिक्वेन्सी दिली तर शेजारच्या जोडीतला दणदणीत आवाज या क्षीण आवाजाला गिळून टाकतो. घराच्या टोकाला हा त्रास कमी, कारण तिथे जोड्या पांगलेल्या असतात.

लेचलायडर यांचं म्हणणं असं की ठराविक फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी एकाच दिशेने बोलावं. मग जवळच्या टोकाची ती गिळंकृत करणारी घुसखोरी उरतच नाही. अपलोडला खालचा पट्टा, कारण तो दूरवर कमी झिजतो. मोठा वरचा पट्टा डाउनलोडला. एकूण वेग कितीतरी वाढला. दोन्हीकडे सारखा वेग देणारे डीएसएलही होते, कंपन्यांच्या कचेऱ्यांत वापरायचे, पण लांबच्या घरांपर्यंत ते एवढा वेग देऊ शकत नव्हते.

२५६ टोनांची पद्धत स्टॅनफर्डच्या जॉन चॉफी यांनी व्यवहारात आणली. १९९३ मध्ये बेलकोरने प्रतिस्पर्धी पद्धतींची समोरासमोर चाचणी घेतली, त्यात टोनवाली पद्धत स्पष्ट वरचढ ठरली. या दोन माणसांमुळे जगातल्या कोट्यवधी घरांना नवी तार न ओढता ब्रॉडबँड मिळालं. आपल्याकडे त्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत याचं मला वाईट वाटतं.

सांजवारा

पुण्यातून. कोणी हसू नका, पण आमचं नेट दिवे लागणीला तुटायचं. दिवसभर ठणठणीत, आणि सातच्या सुमारास डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागायचा. आई म्हणायची लोक टीव्ही लावतात म्हणून. इलेक्ट्रिशियन आणला, अर्थिंग बघितलं, काही निघालं नाही.

तांबट

यात हसण्यासारखं काही नाही. यामागे रेडिओ आहे.

एडीएसएलचा पट्टा १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, एडीएसएल२+ चा २.२ पर्यंत. मध्यम लहरींचा रेडिओ बरोबर या पट्ट्यात बसतो. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झ. ७९२ ला ४.३१२५ ने भागा: १८३ आणि १८४ या टोनांच्या मध्ये. मुंबईचं ५५८ किलोहर्ट्झ १२९ व्या टोनावर आणि १०४४ हे २४२ व्या. केबलमधल्या जोडीला पीळ असतो, पण खांबावरून घरात येणारी ड्रॉप वायर बऱ्याचदा चपटी, बिनपिळाची. ती चक्क एरियल होते. पुण्यातल्या कितीतरी लाइनींच्या टोन-तक्त्यात १८३ च्या आसपास खड्डा दिसायचा. स्टेशन ठरलेलं, खड्डाही ठरलेला, आणि मोडेम त्या दोन-तीन टोनांना सोडून देतो. स्थानिक स्टेशनने फारसं बिघडत नाही, कारण ते लाइन जुळते तेव्हाही असतंच.

बिघडतं ते सूर्यास्तानंतर. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्या वरच्या थरावरून परततात आणि शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं ऐकू येऊ लागतात. रेडिओवर रात्री दूरची स्टेशनं लागायची ती याचमुळे. तारेसाठी मात्र तो सगळा गोंगाट. दुपारी मोडेमने शांत लाइन बघून टोनांवर भरभरून बिट चढवलेले असतात. संध्याकाळी दहा-वीस टोनांवर एकदम गोंगाट वाढतो, बिट इकडचे तिकडे हलवायला मोडेमला सवड मिळत नाही आणि लाइन तुटते.

उपाय साधा. मोडेम दुपारी नाही, रात्री आठ-नऊला बंद करून चालू करायचा. त्या वेळचा गोंगाट बघून तो तक्ता ठरवतो. वेग थोडा कमी जुळतो, पण रात्रंदिवस टिकतो.

सांजवारा

काका, एवढी वर्षं कोणी सांगितलं नाही हे. आमच्याकडे फायबर आलंय आता, पण आईला आत्ताच फोन करून सांगितलं. धन्यवाद!

वास्तववादी

माहिती चांगली आहे, पण मला यातला जुन्या दिवसांचा जिव्हाळा थोडा अति वाटतो. आमच्या भागात दर पावसाळ्यात तांब्याची लाइन महिनाभर बंद असायची. फायबर आल्यापासून शांतता आहे. तांब्याला निरोप द्यावा आणि मोकळं व्हावं.

तांबट

वास्तववादी, जिथे फायबर पोचलंय तिथे फायबरच घ्या, मीही घेतलंय. अंतराने होणारी झीज तांब्यात कोणालाही टाळता आलेली नाही. काचेच्या तंतूत २० किलोमीटरलाही ती तांब्याच्या मानाने फार थोडी, आणि पाण्याने त्याचं तांब्यासारखं बिघडत नाही.

पण महिनाभर लाइन बंद असायची ती तांब्यामुळे नव्हे. जेली भरलेली केबल पाण्यातही नीट राहते. पाणी शिरतं ते जोडात, आणि जोड वाईट असतात कारण रस्ता खोदणाऱ्याने केबल तोडलेली असते आणि ती सांधायला पुरेशी माणसं आणि सामान नसतं. तीच हयगय फायबरच्या वाट्याला आली तर फायबरही महिनाभर बंद पडेल. आणि एक गोष्ट तांब्याबरोबर जाते: वीज गेली तरी एक्स्चेंजच्या बॅटरीवर साधा फोन वाजायचा. पुराच्या दिवसांत मी त्या फोनवर लोकांना बोलताना पाहिलंय. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. त्याला छोटा यूपीएस लावून घ्या, ही सर्वांना विनंती.

फ्रांकफुर्टकर

इथे जर्मनीत मी अजून टेलिफोनच्या तारेवरच आहे, आणि २५० मेगाबिट मिळतात. खोटं वाटेल, पण खरं आहे. फायबर रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या राखाडी कपाटापर्यंत येतं आणि तिथून शेवटचे काही शे मीटर जुनं तांबं. इमारत माझ्या आजोबांच्या वयाची, तारही बहुधा जुनीच. इथल्या लोकप्रिय फ्रिट्झबॉक्स राउटरमध्ये तर टोनांचा आलेखच दिसतो. धागा वाचून लगेच उघडून बघितला, दोन ठिकाणी खड्डे आहेत. काका, हे २५० कसे जमतात?

तांबट

वा, आलेखातले खड्डे कोणत्या फ्रिक्वेन्सीला आहेत ते कळवा!

दोन गोष्टींनी जमतात. एक म्हणजे तांबं छोटं केलं. काही शे मीटरला वरच्या फ्रिक्वेन्सी जिवंत राहतात. तुमच्याकडच्या व्हीडीएसएल२ चा पट्टा ३५ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, एडीएसएलच्या तीसपट.

दुसरी गोष्ट व्हेक्टरिंग. एवढ्या वर गेल्यावर केबलमधल्या शेजारणींची कुजबुज हाच सर्वांत मोठा गोंगाट होतो. पण कपाटातलं यंत्र सगळ्याच जोड्यांवर स्वतः पाठवत असतं, म्हणजे कोणत्या जोडीत कोणाची कुजबुज किती मिसळणार हे ते मोजू शकतं. ते प्रत्येक जोडीवर पाठवायच्या सिग्नलमधून तेवढा भाग आधीच उलटा करून मिसळतं. तुमच्या घरी पोचेपर्यंत खरी कुजबुज आणि उलटी कुजबुज एकमेकींना मारतात. हे मानक २०१० चं. सगळ्या जोड्यांसाठी, सेकंदाला हजारो वेळा हे गणित चालतं.

आपल्याकडे ही मधली पायरी मोठ्या प्रमाणावर आलीच नाही. बहुतेक ठिकाणी एडीएसएल२+ वरून थेट मोबाइल किंवा फायबर.

देवगडकर

नमस्कार काका. आमच्या वाडीत फायबर अजून आलेलं नाही, मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे हीच लाइन आधार आहे. मुलाचा अभ्यास तिच्यावर चालतो. मोडेमच्या पानावरचे आकडे देतो: डाउनलोड ॲटेन्युएशन ४६ डेसिबल, एसएनआर मार्जिन ५ डेसिबल, वेग २.९ मेगाबिट. दिवसातून बऱ्याचदा तुटते. फोनची घंटी वाजली की हमखास. यात काही करता येईल का?

तांबट

देवगडकर, नक्की येईल. ॲटेन्युएशन म्हणजे वाटेत होणारी घट. ती ४६ डेसिबल, म्हणजे तुम्ही एक्स्चेंजपासून साडेतीन-चार किलोमीटरवर दिसता. अंतर बदलता येणार नाही, पण एवढ्या ॲटेन्युएशनला चार-साडेचार मेगाबिट मिळायला हरकत नाही. मार्जिन म्हणजे गोंगाट आणखी किती वाढला तर लाइन तुटेल ते. ६ च्या खाली गेलं की लाइन कायम काठावर.

घरात दुसरीकडे कुठे एक्स्टेन्शन ओढलेलं आहे का? वापरात नसलेलं, नुसतं लोंबतंय असंसुद्धा.

देवगडकर

आहे! मागच्या खळ्यातल्या खोलीपर्यंत बाबांनी ओढलेलं. फोन कधीच काढला, तार तशीच आहे. ५० मीटर तरी असेल.

तांबट

मग पहिला गुन्हेगार सापडला. मोकळ्या सुटलेल्या तारेत सिग्नल शिरतो, टोकाला आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये उलटा मिसळतो. ज्या लहरीची पाव लांबी त्या तारेएवढी, ती लहर जवळजवळ पुसली जाते. तारेत लहर सेकंदाला साधारण २० कोटी मीटर जाते, त्यामुळे ५० मीटरच्या शेपटाचा खड्डा १ मेगाहर्ट्झजवळ पडतो. तुमच्या कामाच्या पट्ट्यातच. शिवाय ते शेपूट रेडिओचं एरियलही होतं.

रोझेट उघडा. बाहेरून येणारी जोडी ठेवा, खळ्याकडे जाणारी दोन्ही टोकं स्क्रूतून सोडवा आणि वेगवेगळी टेप लावून ठेवा. एकच टोक सोडवू नका, दोन्ही. मग रोझेटला आधी स्प्लिटर, स्प्लिटरच्या एका बाजूला मोडेम, दुसऱ्या बाजूला फोन. विजा चमकत असतील तर रोझेटला हात लावू नका.

देवगडकर

केलं. ॲटेन्युएशन ४४, मार्जिन ७, वेग ४.४! मुलगा नाचतोय. घंटी वाजली की मात्र अजून तुटतं.

तांबट

फार आनंद झाला वाचून.

स्प्लिटर जागेवर असूनही घंटीला तुटतंय, म्हणजे आता जोड. लाइनमन येईल तेव्हा त्याला डीपीतला तुमचा जोड उघडून दाखवायला सांगा. तारेवर हिरवा कळंक असेल तर नुसतं पुसून परत पिळू देऊ नका. कळंकलेला भाग कापून, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे सोलून, जेली भरलेल्या कनेक्टरने जोडून घ्यायचं. त्याच्याकडे कनेक्टर नसतील तर तालुक्याच्या ठिकाणी इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारून तुम्हीच आणून ठेवा, महाग नसतात. खांबापासून घरापर्यंतची ड्रॉप वायर कुठे नारळीच्या झावळीला घासत असेल तर तीही त्याच वेळी दाखवा.

आणि ते झालं की रात्री आठनंतर मोडेम एकदा बंद-चालू करा आणि तेव्हाचे तिन्ही आकडे इथे टाका.